घरगुती प्रयोग : माशांच्या पेटीस आपोआप पाणी

गेल्या उन्हाळ्यांत एका लग्नासाठीं आम्ही सर्व मंडळी दहा दिवस कोंकणांत गेलों होतों. धाकट्या पुतणीची माशांची काचेची पेटी शेजाऱ्यांच्या हवालीं केली होती. पाणी उतरलेलें पाहून त्यांनीं सद्भावानें नळाची एक बादली तींत ओतली. परत येऊन पाहतों तों तीन गोल्डफिशांपैकीं दोन मेलेले ! नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस घातक असतें, हें सांगून ठेवणें माझें काम होतें. तें मीं केलें नाहीं. "मुका जीव घरीं आणला, तर त्याची तजवीज करूनच उंबरठा ओलांडावा," एवढेंच मातोश्री म्हणाल्या.

यंदा पुन्हां जाण्याचें ठरतांच मी उपाय शोधूं लागलों. मातोश्रींनीं देवघरांतील अभिषेकपात्र सुचविलें. परंतु अभिषेकपात्र आपल्याच गतीनें ठिबकतें. खालीं पाणी हवें कीं नको, हें त्यास कळत नाहीं. मागितल्यावांचून न देणारें साधन म्हणजे पालथी बाटली.

भरलेली बाटली पालथी करून तिचें तोंड पाण्यांत टेंकविलें, तर बाहेरील हवेचा दाब आंतील पाणी तोलून धरतो. हा दाब सुमारें १० मीटर उंचीचें पाणी पेलतो; मग हातभर बाटलीची काय कथा ! पेटींतील पाणी आटून तोंडाखालीं गेलें, कीं बुडबुडा आंत शिरतो व तितकेंच पाणी बाहेर येतें. तोंड पुन्हां झांकलें गेलें, कीं भरणी थांबते.

आमची पेटी ६० सें. मी. लांब व ३० सें. मी. रुंद, म्हणजे पाणी १ सें. मी. उतरल्यास १.८ लिटर भरावें लागतें. उघड्या पेटींत रोज ४ मि. मी. पाणी आटे, काचेचें झांकण घालतांच तें १ मि. मी. आटूं लागलें. त्या मानानें २ लिटरची बाटली दहा दिवस पुरते. बिघाड होऊन ती सर्व रिकामी झाली, तरी पातळी सव्वा सें. मी. हून अधिक चढणार नाहीं. म्हणून कांठाखालीं ३ सें. मी. जागा मोकळी ठेवावी.

बाटली जाड काचेची व रुंद तोंडाची घ्यावी. मऊ प्लास्टिकची बाटली मीं प्रथम वापरली, तों तिच्या बाजू आंत दबून नको असतां पाणी बाहेर आलें. ती लांकडी चौकटींत घट्ट बसवावी व उन्हापासून दूर ठेवावी. आंतील हवा तापून फुगली, कीं पाणी लोटते. भरण्याचें पाणी उघड्या भांड्यांत दोन दिवस ठेवलेलें असावें. जेथें क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन वापरतात, तेथें मात्र एवढ्यानें भागत नाहीं; त्यावरील औषध घालावेंच लागतें.

एक गोष्ट विसरूं नये. आटतें तें केवळ पाणी. क्षार व घाण मागेंच राहतात. म्हणून घरीं असतांना थोडें पाणी नियमानें बदलणें हें चुकत नाहीं.

पंधरा दिवस बाटलीची परीक्षा झाली आहे. उरलेला एक मासा सुखरूप आहे, आणि पुतणी शाळेंतून येतांच बुडबुड्याची वाट पाहत बसते. शेजाऱ्यांसाठीं चिठी या खेपेस तिनेंच लिहिली आहे : "एक दिवसाआड चिमूटभर खाणें. पाणी घालूं नये. बाटली घालील."