वाट पाहून यावी

– एक विद्यार्थिनी, बी.ए. द्वितीय वर्ष

आपल्या मराठीत 'वाट पाहणे' याचा अर्थ थांबून राहणे असा होतो. कुणी तरी येईल, काही तरी घडेल, म्हणून बसून राहायचे. पण याच शब्दांचा एक सरळ अर्थही आहे. वाट पाहणे म्हणजे ज्या रस्त्याने जायचे तो रस्ता आधी डोळ्यांखालून घालणे. हा दुसरा अर्थ मला पुस्तकातून नव्हे, सायकलवरून कळला. त्याचीच हकीकत येथे सांगायची आहे, आणि जाता जाता आपल्या महाविद्यालयाला एक विनंतीही करायची आहे.

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, हे तिन्ही एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता करायचे, अशी एक शर्यत असते. तिला ट्रायथलॉन म्हणतात. तिचा सर्वांत प्रसिद्ध लांब पल्ल्याचा प्रकार म्हणजे 'आयर्नमॅन'. १९७८ साली हवाई बेटांवर ती प्रथम झाली. १५ जण निघाले, १२ जण पोहोचले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणे! १९८२ साली याच शर्यतीत ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि रांगत रांगत रेषेपर्यंत गेली. तिचा पहिला नंबर हुकला, पण जगाने तिलाच लक्षात ठेवले. या शर्यतीचा अर्धा प्रकार २०१९ साली आपल्या शेजारच्या गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाला. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे.

हे वाचले तेव्हा मला वाटले, यात नवे ते काय? पोहायला मामांनी मला विहिरीत शिकवले, कमरेला रिकामा डबा बांधून. सायकलने मी शाळेत गेले. आणि धावण्याचे म्हणाल, तर एस.टी. चुकू नये म्हणून वर्षभर धावतेच आहे. तेव्हा हे अर्धे अंतर आपणही आपल्या जिल्ह्यात करून पाहावे, असे मनाने घेतले.

पहाटे पाचला धावायला लागले. गावातल्या एका आजीने विचारले, "काहून पयते वं पोरी? कुत्रं मांगं लागलं काय?" मी हसले आणि पुढे गेले. महिनाभराने त्याच आजी अंगणातून 'आज उशीर झाला वं' म्हणू लागल्या. आमची विहीर तीस फूट रुंद. १.९ किलोमीटर भरायला ती दोनशेहून अधिक वेळा ओलांडावी लागते. मामा काठावर दोर घेऊन बसतात आणि ज्वारीचे दाणे एकीकडून दुसरीकडे टाकीत फेऱ्या मोजतात. एकटीने पाण्यात उतरायचे नाही, ही त्यांची अट. तीच अट मी माझ्या मैत्रिणींनाही घालते.

सायकलीसाठी वर्धा ते हिंगणघाट आणि परत, शिवाय थोडी सेवाग्रामकडची फेरी, अशी ९० किलोमीटरांची जुळणी केली. सायकल बिनगिअरची. पावसाळ्यातल्या एका रविवारी निघाले. वायगाव केव्हा मागे पडले ते कळले नाही. हिंगणघाटला पोहोचले तेव्हा स्वतःचे फार कौतुक वाटले. परत फिरले मात्र, आणि सारे उलटले. जाताना ज्या वाऱ्याने पाठीवर हात ठेवून ढकलले होते, तोच आता छातीवर हात ठेवून अडवू लागला. पाणी संपले. गुळाचा खडा सकाळीच खाऊन टाकला होता. शेवटी भाजीच्या एका टेम्पोत सायकल टाकून वर्ध्याला आले. घरी सांगितले, चाक पंक्चर झाले होते. ते खोटे होते, हे आज येथे कबूल करते.

पंधरा दिवसांनी मी त्याच रस्त्याने गेले, पण एस.टी.ने. अर्ध्या तिकिटात खिडकीजवळ बसले आणि वहीत लिहीत गेले. चढ कोठे आहे, खड्डे कोठे आहेत, हातपंप कोणत्या वळणावर, सावलीचे झाड कोठे, कोणत्या ढाब्याजवळ कुत्री असतात, वारा कोठून येतो. एकूण चार पाने भरली. पुढच्या रविवारी जाताना मुद्दाम दम राखला, परतीसाठी गूळ-शेंगदाणे ठेवले, हातपंपावर दोनदा बाटली भरली. ९० किलोमीटर पुरे झाले. साडेसहा तास लागले. शर्यतीत एवढ्या वेळाला कुणी विचारणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाय तेच होते, सायकल तीच होती, वाराही तोच होता. फरक फक्त त्या चार पानांचा होता.

माझा एक वर्गमित्र म्हणाला, "आधीच सगळे पाहून गेलीस तर त्यात पराक्रम तो कसला?" हा प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. चढ पाहिला म्हणून तो कमी होत नाही. तो चढावाच लागतो. फक्त आपण त्याच्यापुढे गोंधळून जात नाही. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, सायकलने पार केली. त्या शर्यतीत सायकलस्वाराबरोबर त्याची माणसे असतात आणि पुढचे वळण त्यांना आधी माहीत असते. त्यामुळे त्यांचा पराक्रम कमी झाला असे कोण म्हणेल?

दूर कशाला जा? ज्यांच्यामुळे आपले सेवाग्राम जगाला ठाऊक झाले, त्या गांधीजींची १९३० सालची दांडीयात्रा घ्या. सुमारे ३८५ किलोमीटर पायी. त्या यात्रेच्या पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण तुकडी' गावोगाव जात होती. मुक्कामाची सोय पाहणे, गावाची माहिती गोळा करणे, हे तिचे काम. म्हणजे एवढ्या मोठ्या सत्याग्रहाची वाटसुद्धा आधी कुणी तरी पाहून आले होते. आणि ते विद्यार्थी होते, हे आपण विसरू नये.

आता माझी विनंती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्या वर्षी मी ही वाट न पाहताच निघाले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली, तेव्हा मला कळले की अशी तारीख असते. दोष कुणाचा नव्हता. सूचना फलकावर लागली असेलही, पण फलक वाचायचा असतो हेच मला कुणी सांगितले नव्हते. शुल्क भरण्यासाठी बाबांनी भाव येण्याच्या आधीच कापूस विकला. ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

ज्यांच्या घरी आई-वडील, भाऊ-बहीण शिकलेले आहेत, त्यांना ही वाट जेवताना बोलता बोलता कळते. आम्हांला ती खड्ड्यात पाय गेल्यावर कळते. म्हणून नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात आम्ही द्वितीय व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एकेका नव्या विद्यार्थ्याबरोबर एक दिवस फिरावे. ग्रंथालयाचे कार्ड, शिष्यवृत्तीच्या तारखा, दाखले, परीक्षेचा अर्ज, कोणते सर आणि मॅडम कधी भेटतात, हे सारे प्रत्यक्ष दाखवावे. यास पैसा लागत नाही. प्राध्यापकांनी केवळ एक दिवस ठरवून द्यावा. चार पानांची वही आम्ही तयार करू.

गोव्याच्या शर्यतीचे प्रवेशशुल्क, तशी सायकल, प्रवास, हे तूर्त आमच्या आवाक्यातले नाही. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. विहिरीत तीस फुटांवर भिंत येते आणि तिला पाय लावून वळता येते. समुद्रात भिंत नसते. तेथे चार हात मारले की डोके वर काढून दूरची खूण पाहावी लागते, नाही तर माणूस भलतीकडे जातो, असे वाचले आहे. विहिरीत मी आता तसेच पोहते. मामा विचारतात, समोर भिंतच तर आहे, बघतेस काय? मी म्हणते, सवय करते.

कधी तरी गोव्याला जाईन. पण शर्यतीच्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी.