पट कमी, म्हणून शाळा बंद?

२०२५ मध्ये महाराष्ट्र भाषेच्या प्रश्नावर पेटून उठला. पहिलीपासून हिंदी आणू पाहणारे एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले. मराठी माणूस एकवटला याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गरिबाचे मूल आजही मराठीत शिकते, तिच्याबद्दलचा एक समज आपण सारेच बिनतक्रार मान्य करून बसलो आहोत. पट कमी असेल तर शाळा चालवण्यात अर्थ नाही, हा तो समज.

राज्यात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने त्यांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले आणि पानशेत, तोरणमाळची उदाहरणे पुढे ठेवली. मग शिक्षकांची पदे ठरवणारा, १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला. सहावी ते आठवीत मिळून वीस मुले नसतील, तर तिथे नियमित शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही, असे त्यात ठरले. शिक्षक काढून घेतला की शाळा बंद करण्याचा वेगळा आदेश काढावा लागत नाही.

मोठ्या शाळेचे फायदे आम्ही नाकारत नाही. सहा मुलांत कबड्डीचा संघ होत नाही, प्रयोगशाळा तर दूरच. जिथे डांबरी रस्ता आहे आणि हाकेच्या अंतरावर दुसरी शाळा आहे, तिथे त्या जरूर एकत्र कराव्यात. पण अक्कलकुवा, मोखाडा, वेल्ह्याच्या डोंगरातल्या पाड्यांचे काय? पावसाळ्यात ओढा भरला की वाट बंद. मुलांना गाडीने नेऊ, असे आश्वासन मिळते. ती गाडी बंद पडली की सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी, धाकट्या भावाला सांभाळायला. अशा वस्त्यांवरची मुले शाळेबाहेर राहतात म्हणून याच राज्याने एकेकाळी वस्तीशाळा काढल्या होत्या. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागितली आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले, तेही छोटी शाळा असणारच हे जाणूनच.

पट घटतो त्याचा दोष शाळेच्या माथी मारणेही अन्यायाचे आहे. ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची पदे ठरतात. आधार जुळले नाही, तर वर्गात बसलेले मूलही हिशेबात येत नाही. आणि दिवाळी सरली की बीडच्या गावागावांतून ऊसतोड मजुरांचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात, आईबापांसोबत मुलेही जातात. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले, तर ती गावात राहून शिकतील. हे काम शासनाचे आहे.

एक शिक्षक आणि चार इयत्ता म्हणजे शिक्षणाचा बोजवारा, असेही सर्रास म्हटले जाते. पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरची शाळा पाहा. ती बंद पडण्याच्या बेतात होती. तिथे मोठी मुले लहानांना शिकवू लागली, गाव शाळेच्या पाठीशी उभे राहिले, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी निवडलेल्या अंतिम यादीत तिचे नाव आले. प्रत्येक शाळेला हे घडवणारे शिक्षक लाभतील असे नाही. पण पट कमी म्हणून जालिंदरनगरची शाळा आधीच बंद केली असती, तर हे घडलेच नसते.

उरतो खर्च. शिक्षणाचा पैसा कोणावर खर्चायचा, हा वादही जुनाच आहे. वरच्या वर्गांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल, हे १८८२ साली शहाणपण मानले जात होते. महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे ते साफ नाकारले आणि शेतकऱ्याच्या घामातून आलेला पैसा त्याच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, असे मागितले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूरसारख्या छोट्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ज्या राज्याची तिजोरी त्याच्या कैकपट मोठी आहे, त्याने वीस मुलांचा खर्च परवडत नाही म्हणावे, हे आम्हाला मान्य नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेक जण गावी जातात. सुट्टी संपण्याआधी आपल्या गावच्या शाळेची चौकशी करा. पट किती, शिक्षक किती, पुढच्या वर्षी ती राहणार का, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना विचारा. शाळा हलवण्याचा प्रस्ताव असेल तर ग्रामसभेत त्याला विरोध करा, आणि आम्हालाही कळवा.