गच्चीवरचे जेवण

गच्ची म्हटली की आपल्याला आठवतात सांडगे, पापड आणि कोजागिरीचे दूध. अथेन्सच्या लोकांनी तिचा अधिक व्यवहारी उपयोग केला आहे. ॲक्रोपोलिसच्या टेकडीखाली प्लाका नावाची जुनी वस्ती आहे. तेथे गच्च्यांवर उपाहारगृहे थाटलेली आहेत. जूनमध्ये सूर्यच पावणेनऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा जेवणाला रंग चढायला दहा वाजतात. वर दिव्यांत उजळलेले पार्थेनॉन, पुढ्यात बशाच बशा!

त्झात्झिकी या नावाने कोणी दचकू नये. ती आपली काकडीची कोशिंबीरच. मात्र दही घट्ट, आणि दाण्याच्या कुटाऐवजी लसूण व ऑलिव्हचे तेल. दोल्मादेस म्हणजे द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. (नाशिक-सांगलीला एवढ्या द्राक्षबागा, पण पानांकडे आपण कधी त्या नजरेने पाहिले नाही; अळू आहे ना!) गंमत अशी, की ही दोन्ही नावे मूळची तुर्की.

मग बुझुकीच्या तारा झणझणू लागतात. खांद्यांवर हात टाकून माणसे नाचतात, आधी सावकाश, मग वेगाने. पाहुण्यांना वाटते, सॉक्रेटिसही असाच नाचत असेल. वस्तुतः हा सिर्ताकी नाच १९६४ च्या ‘झोर्बा द ग्रीक’ या चित्रपटासाठी बसवलेला. संगीत मिकिस थिओडोराकिस यांचे. १९६७ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि याच थिओडोराकिस यांच्या संगीतावर बंदी घातली! ती राजवट १९७४ पर्यंत टिकली.

परंतु बुझुकीची खरी कहाणी त्याहून जुनी आहे. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना शहर जळाले. पुढच्या जानेवारीत लोझानला करार होऊन धर्म पाहून माणसांची अदलाबदल ठरली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. आलेल्यांपैकी कित्येकांना ग्रीक बोलताही येत नव्हते. कल्याणच्या लष्करी छावण्यांत १९४७ नंतर उतरलेल्या सिंध्यांची हकीकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. पिरेअस बंदराच्या झोपड्यांतून आणि गुत्त्यांतून या निर्वासितांनी आपले सूर जागवले. तुरुंग, गांजा, ताटातूट हे त्या रेबेतिको गाण्यांचे विषय. सभ्य लोक नाके मुरडीत. मेटॅक्सस यांच्या हुकूमशाहीने १९३६ नंतर त्यांवर कात्री चालवली. २०१७ साली युनेस्कोने त्याच गाण्यांना मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला.

गच्चीवर कधी पाहुणे पांगल्यावर एखादा ग्रीक गृहस्थ उठतो आणि झेइबेकिको नाचू लागतो. ताल नऊ मात्रांचा, पावले ज्याची त्याने ठरवायची. सोबती गुडघा टेकून टाळ्यांचा ठेका धरतात. हा नाच एकट्याचा असतो; जुन्या काळी त्यात दुसऱ्याने पाऊल टाकणे म्हणजे भांडण ओढवून घेणे होते. आपण बुझुकीवाल्याकडे ‘झोर्बा’ची फर्माईश करावयाची ती त्याच्या आधी.