खरे सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये

नळराजा बाहुकाच्या वेषात ऋतुपर्णाचा रथ हाकीत एका दिवसात अयोध्येहून कुंडिनपुरास आला, ही कथा आमच्या बहुतेक वाचकांनी शाळेच्या बाकावर ऐकलेली आहे. ते कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातले वर्धाकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. कथेतला एक तपशील मात्र आपण सहसा विसरतो. बाहुकाने निवडलेले घोडे दिसायला रोड होते आणि ते पाहून राजा नाराज झाला. पण घोड्याची पारख बाहुकाला होती. त्याने आपले मत निर्भीडपणे सांगितले आणि राजाने ते मानले. जाणत्याने स्पष्ट बोलावे आणि सत्ताधाऱ्याने ऐकावे, एवढे जमले म्हणून तो रथ वेळेवर पोहोचला.

या कथेची आठवण होण्याचे कारण असे की, तुळशीची लग्ने लागली की अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर पुन्हा टापा वाजू लागतात. तांगे जवळजवळ गेले. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातील घोड्यांची संख्या अवघी ३.४ लाख भरली. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट ४५ टक्क्यांची आहे. तरीही वरातीची घोडी आणि बग्गी यांवर पोट असलेली कुटुंबे वऱ्हाडात आहेत. यातले एखादे जनावर उद्या नाकातून चिकट, पिवळा स्राव गाळू लागले, त्याच्या अंगावर गाठी येऊन फुटू लागल्या, तर पुढे काय होईल? त्याचा मालक कोणाला सांगेल? ज्याला सांगेल तो काय करील? आणि त्या घोडीवर काल ज्यांच्या मुलाची वरात निघाली, त्यांना ते केव्हा कळेल?

आम्ही ज्या रोगाविषयी बोलत आहोत त्याचे नाव ग्लँडर्स. तो घोडे, गाढवे आणि खेचरे यांना होतो, आणि त्यांची निगा राखणाऱ्या माणसालाही होऊ शकतो. त्याला लस नाही. कित्येक घोडे महिनोन्महिने हा रोग अंगात बाळगून काम करीत राहतात आणि पाण्याच्या एका हौदावरून तो दुसऱ्यास देतात. यामुळेच रोगी ठरलेल्या जनावरास वेदनारहित मरण देणे हाच मार्ग कायद्याने स्वीकारला आहे. हा रोग इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. २००६ साली तो महाराष्ट्रात पुन्हा दिसला आणि पाठोपाठ उत्तरेकडील राज्यांतही आढळला. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारात अनेक प्रांतांचे घोडे एकत्र येतात, तेव्हा वऱ्हाड यापासून दूर आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल.

कायदा नाही म्हणावे, तर तसे नाही. ब्रिटिश अमदानीत १८९९ साली खास या रोगासाठी कायदा झाला होता. त्याची जागा २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्याने घेतली. जनावर रोगी असल्याचा संशय येताच मालकाने ग्रामाधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावे आणि तेथून पशुवैद्यकास वर्दी जावी, असे त्यात सांगितले आहे. खेड्यापुरते हे ठीक आहे. पण महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या घोडेवाल्याने कोणाचे दार ठोठवावे, हे त्याला कोणी समजावून दिले आहे काय? रक्ताच्या नमुन्याचा अखेरचा निर्णय हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून यायचा, म्हणजे हजारभर किलोमीटरवरून. तोवर ते जनावर बांधून ठेवायचे, त्याला चारायचे आणि ऐन हंगामातले भाडे सोडायचे. हा भार एकट्या मालकाने सोसावा अशी अपेक्षा ठेवली, तर तो वर्दी देण्याऐवजी रात्रीच्या अंधारात जनावर दुसऱ्या गावी नेऊन विकील. त्याच्या या वागण्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्यास त्या वाटेला लावणारी व्यवस्था निर्दोष आहे असेही आम्हांस म्हणवत नाही.

लंडनचा अनुभव येथे बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील गाड्यांच्या तबेल्यांत हा रोग मुरलेला होता आणि रोगी घोडे सर्रास गाडीला जुंपले जात. सक्तीची तपासणी, रोगी जनावरांचा नाश आणि मालकास भरपाई या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा कुठे १९२८ पर्यंत ब्रिटनमधून तो नाहीसा झाला. भरपाईकडे दानधर्म म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खरी बातमी वेळेवर मिळावी म्हणून समाजाने मोजलेली ती किंमत असते.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही, असे म्हणण्यास जागा नाही. २०२२ साली जळगाव जिल्ह्यातून लंपी चर्मरोगाची बातमी आली आणि पाहता पाहता अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या गोठ्यांत तो शिरला. जनावरांचे बाजार बंद पडले, शेतकऱ्याच्या दावणीची जोडी मोडली. त्या वेळी शासनाने मृत दुधाळ गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये जाहीर केले. राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशासाठी मोफत लसीकरणाची मोहीम हाती घेतली. आणि बाधित किती, बरे किती, मृत किती हे आकडे पशुसंवर्धन खाते नित्य प्रसिद्ध करीत राहिले. त्या कामात उणिवा राहिल्या नाहीत असे नव्हे. परंतु आकडा उघड असला की त्याबद्दल जाब विचारता येतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले. गाईबैलांच्या पाठीशी लाखो शेतकरी होते. मूठभर घोडेवाल्यांचे मत कोण मोजतो? आमच्या मते शासनाची कसोटी नेमकी येथेच लागते.

माहिती अपुरी असली की अफवा किती वेगाने धावते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावतीला आधी लागली, तेव्हाचे दिवस सर्वांच्या स्मरणात आहेत.

तेव्हा दोन्ही महानगरपालिका, जिल्हा प्रशासन आणि पशुसंवर्धन खाते यांच्यापुढे आम्ही काही साध्या मागण्या ठेवू इच्छितो. शहरातील प्रत्येक कामकरी घोड्याची नोंदवही असावी आणि लग्नसराईपूर्वी प्रत्येकाची तपासणी व्हावी. वर्दी कोणत्या अधिकाऱ्यास द्यावयाची, त्याचे नाव मराठीत आणि हिंदीत तबेल्याच्या भिंतीवर लावावे. नमुना कधी घेतला, कधी पाठविला आणि उत्तर कधी आले, या तीन तारखा लोकांस पाहावयास मिळाव्यात. जनावर अडकवून ठेवलेल्या दिवसांचा चारा सार्वजनिक खर्चाने पुरवावा आणि भरपाईसाठी मालकास कचेरीचे उंबरे झिजवावे लागू नयेत. घोड्याशेजारी झोपणाऱ्या माणसांची तपासणी सरकारी रुग्णालयाने स्वतः होऊन करावी. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. तिच्या ज्ञानाचा उपयोग संकट येण्यापूर्वी करून घेण्यास कोणाची हरकत असणार?

नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. घोडी ठरविताना आपण तिच्या झुलीकडे पाहतो आणि भाड्यात घासाघीस करतो. तिच्या तपासणीचा दाखला मागण्याची रीत उद्यापासून सुरू झाली, तर अर्धे काम दंडाविनाच होईल.

मुके जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने मालकाने बोलावे आणि मालकाच्या वतीने शासनाने उभे राहावे, ही साखळी कोठेही तुटली तर रोग त्याच जागेतून घरात शिरतो. ती आज, रस्ते निर्धोक असतानाच, तपासून घ्यावी.