दोन आठवड्यांचे इंग्रजी

माल्टा हे भूमध्य समुद्रातील बेटांचे छोटेसे राष्ट्र. क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर. दरवर्षी इटली, स्पेन, पोलंड अशा देशांतील शाळांचे शिक्षक इथे एक-दोन आठवड्यांसाठी येतात आणि स्वतः विद्यार्थी होऊन बाकावर बसतात. युरोपीय संघाच्या 'इरास्मस प्लस' योजनेतून अनेकांचा खर्च निघतो. त्यासाठी अर्ज शाळेने करायचा असतो. म्हणजे शिक्षकाचे शिकणे ही शाळेची जबाबदारी मानली जाते. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

स्लीमा आणि सेंट ज्युलियन्स या गावांत इंग्रजीचे वर्ग पुष्कळ आहेत. पहिल्या दिवशी परीक्षा होते आणि ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांपैकी तुमची पायरी ठरते. तिथे वय आणि हुद्दा पाहत नाहीत. वीस वर्षे नोकरी झालेले गुरुजी नवख्या शिक्षिकेच्या खालच्या वर्गात बसू शकतात. सकाळी वर्ग, दुपारनंतर बाजारात, बसमध्ये तीच भाषा बोलायची.

पण हिशेब सरळ आहे. आठवड्याला पाऊण तासाच्या वीस तासिका धरल्या, तर दोन आठवड्यांत तीस तास होतात. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायला मात्र साधारण दोनशे तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज आहे. मग एवढ्यात मिळते काय? जीभ मोकळी होते. आणि शिक्षकाला पुन्हा एकदा कळते की, उत्तर येत असूनही शब्द न सुचल्याने गप्प बसणे कसे असते. मागच्या बाकावरच्या अबोल मुलाकडे तो नंतर वेगळ्या नजरेने पाहतो.

माल्टाची आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना जवळची वाटेल. तिथली माल्टी भाषा अरबीतून निघाली आहे. इ.स. ८७० नंतर सुमारे दोन शतके तिथे अरबांची सत्ता होती. पुढे सत्ता बदलली, धर्म बदलला, लिपी रोमन झाली, पण बोली टिकली. आजही तिथे पुस्तकाला 'क्तीब', घराला 'दार', सूर्याला 'शेम्श' म्हणतात. मदरशात जाणारी आपली मुले यातले निम्मे शब्द ओळखतील. ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या काळाचे नावसुद्धा 'रनदान' आहे.

१९३४ मध्ये माल्टी भाषेला इंग्रजीबरोबर राजभाषेचा मान मिळाला, आणि १९६४ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावरही दोन्ही राहिल्या. पाच लाखांवर वस्तीचा हा देश घरची बोली न सोडता जगाला इंग्रजी शिकवतो. आपल्याकडे मात्र मूल इंग्रजी शाळेत गेले की, अम्मी-अब्बा त्याच्याशी घरची उर्दू, दखनी, कोकणी किंवा मराठी बोलायचे थांबतात. मोडक्या इंग्रजीत मुलाला दटावले जाते. मग नानीची गोष्ट त्याला कळेनाशी होते. हे नुकसान आम्हाला परीक्षेतल्या कमी गुणांहून मोठे वाटते.

आपल्या शिक्षक-शिक्षिकांपैकी कुणाला असा वर्ग करायचा असेल, तर जरूर करावा. पण युरोपच्या योजनेचा पैसा युरोपच्या शाळांसाठी आहे. आपल्याला विमानाचे भाडे, शुल्क, शेंगेन व्हिसा, सारे खिशातून भरावे लागेल. त्यासाठी दागिने गहाण ठेवू नयेत. हैदराबादचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ १९५८ पासून, आधी संस्था म्हणून, इंग्रजीच्या शिक्षकांना घडवत आले आहे. आधी तिथे चौकशी करावी. ज्यांना जाणे जमेल त्यांनी बिनधास्त जावे. पाओला गावात मशीदही आहे.

ज्यांना जमणार नाही, त्यांनी शाळेतच चार सहकारी गोळा करून रोज अर्धा तास इंग्रजीत बोलावे. नियम एकच ठेवावा: चुकणाऱ्याला कुणी हसायचे नाही. वर्षात दोनशे दिवस शाळा भरली, तरी शंभर तास होतात. माल्टाच्या दोन आठवड्यांच्या ते तिपटीहून जास्त आहेत.