ज्यांच्याकडे साक्ष नाही

प्रार्थनासभेत दोन-तीन गाणी झाली, वचन वाचून झाले की पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" मग एकेक जण उठतो. कोणाचा आजार बरा झालेला असतो, कोणाची दारू सुटलेली असते, कोणाला उपवासाच्या प्रार्थनेत प्रभूची वाणी ऐकू आलेली असते. सगळे आनंदाने 'हालेलुया' म्हणतात. पण त्याच सतरंजीवर असेही काही जण बसलेले असतात, जे वर्षानुवर्षे उपासनेला येतात, दशांश देतात, आजाऱ्यांची विचारपूस करतात आणि तरीही ज्यांना यातले काहीच कधी जाणवलेले नाही. आपल्याच विश्वासात कुठेतरी खोट असावी, असे त्यांना वाटू लागते. त्यांना तसे कोणी तोंडावर म्हणत नाही, पण एकामागून एक साक्षी ऐकताना ही समजूत मनात घर करते.

ही समजूत चुकीची आहे आणि ती दूर करणे हे मंडळीचेच काम आहे. ख्रिस्ती माणसाचे तारण देवाच्या कृपेवर उभे असते. त्या कृपेची जाणीव कोणाला किती होते, यावर ते अवलंबून नाही.

मदर तेरेसांचे आयुष्य या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत त्यांना गरिबातल्या गरिबांची सेवा करण्याचे पाचारण झाले. त्यानंतरचा काही काळ प्रभूच्या सान्निध्याच्या उत्कट अनुभवाचा होता. मात्र कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये काम सुरू झाले आणि तो अनुभव आटला. १९५८ मधले काही आठवडे वगळता तो जवळजवळ अखेरपर्यंत परतला नाही. याविषयी लिहिलेली आपली पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची विनंती होती. पण ती जपली गेली आणि त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, पुस्तकरूपाने जगापुढे आली. तेव्हा अनेकांनी सरळ निष्कर्ष काढला, की या बाईंची श्रद्धा केव्हाच संपली होती.

पुण्यात धर्मशास्त्र शिकवणाऱ्या एका जेझुइट धर्मगुरूने मात्र याच अवस्थेचा वेगळा अर्थ कित्येक वर्षे आधी लावला होता. फादर जोसेफ नॉयनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे. १९६१ च्या सुमारास मदर तेरेसांनी त्यांच्याजवळ मन मोकळे केले. नॉयनर यांनी त्यांना कोणताही उपाय सुचवला नाही, की त्यांचे कुठे चुकले हेही शोधले नाही. मनाच्या या अंधारावर माणसाच्या हातात इलाज नाही, तेव्हा दोष स्वतःकडे घेऊ नका, असे त्यांनी सांगितले. प्रभू जवळ आहे याचा 'जाणवणे' हा एकमेव पुरावा नसतो आणि देवाची अशी ओढ लागणे हीच तो लपून जवळ असल्याची खूण आहे, हे त्यांनी समजावले. या बोलण्याने मदर तेरेसांना फार मोठा आधार मिळाला. अंधार गेला नाही, पण त्याची भीती गेली आणि सेवा एक दिवसही थांबली नाही.

अनुभवालाच प्रवेशपत्रिका केले की काय होते, हे लंडनने १७४० मध्ये पाहिले. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत जॉन वेस्ली यांच्या अंतःकरणात विलक्षण ऊब दाटली. तो प्रसंग आजही मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये आदराने सांगितला जातो. त्यानंतर आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा याच वेस्लींनी आपण अजून ख्रिस्ती नाही, असे रोजनिशीत लिहिले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पुढे लंडनमधल्या फेटर लेन येथील संगतीत मोरावियन पंथाचे काही बंधू शिकवू लागले, की ज्याला पूर्ण खात्री लाभलेली नाही त्याने प्रभुभोजनही घेऊ नये, स्वस्थ वाट पाहावी. वेस्लींनी याला कडाडून विरोध केला आणि जुलै १७४० मध्ये ते तिथून बाहेर पडले. ज्याचा विश्वास दुबळा आहे त्यालाच तर त्या भाकरीची अधिक गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः इतका मोठा अनुभव घेतलेल्या माणसाने ही बाजू घेतली, म्हणून तिला वजन आहे.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळालेला नाही, हे त्यांना आठ वर्षांनी उमगले. मग जे गवसले ते अगदी साधे होते. आपल्या पदरी काहीही जमा नसताना देव आपल्याला आहे तसे स्वीकारतो, हे त्यांनी मान्य केले. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात मोठे आध्यात्मिक संजीवन झाले. मुली ढसाढसा रडत, तासन्‌तास प्रार्थना करत, पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंनी हे अडवले नाही. पण प्रत्येकीला तीच खूण दिसली पाहिजे, असा दंडकही घातला नाही. शेती, विणकाम, छापखाना आणि शाळा चालतच राहिल्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अनुभवाचा आग्रह सोडला, तर धर्म म्हणजे निव्वळ रविवारची सवय होणार नाही का? जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मध्ये 'स्वस्त कृपे'विरुद्ध इशारा दिला, तो याच भीतीपोटी. क्षमा घ्यायची आणि ख्रिस्तामागे चालायचे मात्र नाही, ही फसवणूकच आहे. पण त्यांनी त्यावर आज्ञापालनाचा मार्ग सांगितला, भावना चेतवण्याचा नव्हे. मदर तेरेसा, वेस्ली आणि रमाबाई या तिघांच्या आयुष्यात जे अखंड टिकले, ते काम होते. अनुभव आला तेव्हा तो देणगी म्हणून आला आणि देणगी कधी द्यायची, हे देणारा ठरवतो.

साक्ष देण्याची पद्धत बंद करण्याचे कारण नाही. तिच्यामुळे कितीतरी खचलेली माणसे उभी राहिली आहेत. तिच्या शेजारी इतर गोष्टींनाही जागा मिळाली पाहिजे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते उपासनेत मोठ्याने वाचले जावे. बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या वर्गात 'तुला काय जाणवले?' या प्रश्नाआधी ख्रिस्ताने काय केले, हे नीट शिकवले जावे. आणि मन कोरडे पडल्याचे कोणी कबूल केले, तर त्याच्या आयुष्यात गुप्त पाप शोधण्याची घाई करू नये. नॉयनर यांच्यासारखे शांतपणे ऐकून घेणे हे पाळकांच्या प्रशिक्षणात शिकवायला हवे आणि प्रत्येक मंडळीने निदान दोन-तीन वडीलधाऱ्या माणसांवर ही जबाबदारी सोपवावी.