हारतुरे नकोत, पडदा द्या
ब्लॅक सिनेमा आणि स्वतंत्र चित्रपटकर्ते यांच्यासाठी मागणीपत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शहरोशहरीच्या चित्रपट महोत्सवांच्या संयोजन समित्या

विषय : महोत्सवांत ब्लॅक सिनेमाचा कायम विभाग सुरू करणे व स्वतंत्र चित्रपटकर्त्यांशी होणारा व्यवहार न्याय्य करणे याबाबत

महोदय / महोदया,

पदराला खार लावून चित्रपट करणारे दिग्दर्शक, जिल्ह्याच्या गावी फिल्म सोसायटी चालवणारे कार्यकर्ते आणि उपशीर्षके लिहिणारे अनुवादक अशी आमची संघटना आहे. तुमच्या महोत्सवांचे आम्ही जुने प्रेक्षक आहोत. चांगला सिनेमा बघायची सवय आम्हाला तिथेच लागली, म्हणून हे पत्र हक्काने लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या चित्रपटाला वितरक मिळत नाही, त्याच्या दृष्टीने महोत्सव हेच चित्रपटगृह असते, आणि बहुधा पहिले व शेवटचे. तेव्हा अशा चित्रपटाला शाल-श्रीफळ देऊन मंगळवारी सकाळी दहाच्या खेळाला बसवणे म्हणजे पंगतीत पाट मांडून वाढायला विसरणे आहे.

पार्श्वभूमी

हे दुर्लक्ष ज्यांनी खूप सोसले आणि त्यावर तोडगेही काढले, ते अमेरिकेतले आणि आफ्रिकेतले कृष्णवर्णीय चित्रपटकर्ते. त्यांच्या सिनेमालाच आम्ही ब्लॅक सिनेमा म्हणतो. ऑस्कर मिशो यांनी १९१९ ते १९४८ या काळात चाळीसहून अधिक चित्रपट केले आणि प्रती घेऊन गावोगाव फिरत ते स्वतःच विकले. त्यांतले बरेच आज नाहीत. १९२०चा ‘विदिन अवर गेट्स’ उरला तो स्पेनमधल्या संग्रहात सापडलेल्या प्रतीमुळे. इंग्रजी पाट्या गेल्या होत्या, त्या स्पॅनिशमधून उलट भाषांतर करून परत घडवाव्या लागल्या. चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ १९७७ साली विद्यापीठाचा प्रबंध म्हणून पुरा झाला. खर्च दहा हजार डॉलरच्या आत. पण पार्श्वसंगीतातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते, म्हणून रीतसर प्रदर्शनाला २००७ साल उजाडले. कॅथलीन कॉलिन्स यांचा ‘लूझिंग ग्राउंड’ १९८२चा. त्या १९८८ साली गेल्या आणि चित्रपट २०१५ साली चित्रपटगृहात लागला.

म्हणून तिकडचे महोत्सव उत्सवापुरते थांबले नाहीत. नेवार्कचा ब्लॅक फिल्म फेस्टिव्हल १९७४ पासून वस्तीतल्या लोकांना चित्रपट फुकट दाखवत आला. लॉस एंजेलिसमध्ये १९९२ साली पॅन आफ्रिकन महोत्सव सुरू झाला, फिलाडेल्फियात २०१२ साली ब्लॅकस्टार. एव्हा डुव्हर्ने यांनी २०१०च्या सुमारास शहरोशहरीच्या ब्लॅक महोत्सवांची मोट बांधली आणि त्यांच्या बळावर छोट्या चित्रपटांचे वितरण उभे केले. पश्चिम आफ्रिकेतल्या वागाडूगूत १९६९ साली आफ्रिकी सिनेमाचा सप्ताह भरला, त्याचाच पुढे ‘फेस्पाको’ महोत्सव झाला. तिथल्या सरकारने १९७० साली चित्रपटगृहे ताब्यात घेतली आणि तिकिटाच्या पैशातला वाटा देशी चित्रपटांच्या निधीत घातला.

“हे सगळे तिकडचे, आपला काय संबंध?” असा प्रश्न येईल. संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्याही आधी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनमध्ये आला आणि त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. २०१९ साली न्यू यॉर्कमध्ये, बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात, दलित चित्रपटांचा महोत्सव भरला. आपला सिनेमा त्यांच्या दारी जाऊन आला. त्यांचा सिनेमा आपल्या दारी अजून वाट चुकल्यासारखा, एखाददुसराच येतो.

मागण्या

१. कायम विभाग. ब्लॅक सिनेमाचा विभाग दरवर्षी असावा, त्यात किमान सहा चित्रपट असावेत आणि त्यांतले दोन जुने, जतन केलेले असावेत. ‘मूनलाइट’सारखा एखादा गाजलेला ऑस्करविजेता आणून बोळवण करू नये. मिशो, सेनेगलचे उस्मान सेम्बेन, बर्नेट, ज्युली डॅश हा दिग्दर्शकांचा क्रम कळल्याशिवाय ‘मूनलाइट’ कुठून आला हे कळत नाही. हैले गेरिमा मूळचे इथिओपियाचे. त्यांचा गुलामीवरचा ‘संकोफा’ वितरकांनी घेतला नाही, तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनमध्ये स्वतः चित्रपटगृह भाड्याने घेऊन तो लावला. मलिक अंबरच्या शहरात तो लागला, तर प्रेक्षकांना वेगळी प्रस्तावना लागणार नाही.

२. मराठी उपशीर्षके. या विभागातल्या प्रत्येक चित्रपटाला मराठी उपशीर्षके असावीत. ही मागणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. दलित पँथरच्या कवींच्या कविता ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांना वेगाने सरकणारी इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. ‘किलर ऑफ शीप’मधल्या कत्तलखान्यातल्या मजुराची गोष्ट ज्याला आतून समजेल, त्यालाच भाषेपायी दाराबाहेर ठेवणे हा उलटा न्याय आहे. अनुवादकाला मोबदला मिळावा आणि पडद्यावर नाव मिळावे.

३. वेळ आणि जागा. स्वतंत्र चित्रपटांचा किमान एक खेळ संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी ठेवावा. हातावर पोट असलेला माणूस रोजगार बुडवून येऊ शकत नाही. एकूण खेळांपैकी निदान पाचवा हिस्सा मल्टिप्लेक्सबाहेर व्हावा : महापालिकेची नाट्यगृहे, महाविद्यालयांची सभागृहे, वस्त्यांमधली समाजमंदिरे. पास ऑनलाइनच काढण्याची अट तिथे नसावी.

४. पैशाचा व्यवहार. आज प्रवेशशुल्क आम्ही भरतो, डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, आमच्या खर्चाने करतो, यायचे-राहायचे आम्हीच बघतो आणि प्रदर्शनाचे मानधन शून्य. सभागृहाचे भाडे, मांडववाला, फुलवाला यांची बिले चुकती होतात. ज्याच्यासाठी मांडव घातला, तोच तेवढा फुकट. पहिल्या चित्रपटाला प्रवेशशुल्क माफ असावे आणि निवड झालेल्या दीर्घ चित्रपटाला किमान पंचवीस हजार, लघुपटाला पाच हजार रुपये प्रदर्शन-मानधन मिळावे. वागाडूगूचा धडा घेऊन पासांच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा यासाठी बाजूला काढावा, म्हणजे दरवर्षी प्रायोजकाच्या मर्जीकडे पाहावे लागणार नाही.

५. निवड समिती. समितीची नावे आधी जाहीर करावीत. तीत ग्रामीण भागातले, दलित-आदिवासी-भटक्या समाजांतले आणि स्त्री चित्रपटकर्ते असावेत. गावकुसाबाहेरची गोष्ट सांगणारा ‘फँड्री’ हा मराठी चित्रपट आला, त्याच्या आधीही अशा गोष्टी सांगणारे होते. निवडणाऱ्यांना त्या ओळखता येत होत्या का, हा प्रश्न आहे. नाकारलेल्या चित्रपटाला दोन ओळींचे तरी कारण कळवावे.

६. कागदपत्रे आणि जतन. महोत्सवात हक्कसल्ला कक्ष असावा. चित्रपटाचा आत्मा ठरलेले गाणे कायद्याने परके निघाले, तर काय होते हे ‘किलर ऑफ शीप’ने दाखवले आहे. आमचे तरुण दिग्दर्शकही लोकगीते, लग्नातला बँड, रेडिओवरची गाणी बिनधास्त वापरतात आणि मग अडकतात. निवडलेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाची एक प्रत कराराने जतनासाठी ठेवावी. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकीच रिळे उरली, ही चूक रिळांच्या काळातली होती. हार्डडिस्क तर त्याहून लवकर मरते.

७. सेन्सॉर. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायला केंद्राची सूट लागते. ती मिळवण्याची जबाबदारी आयोजकांनी घ्यावी आणि त्यापलीकडे स्वतःची वेगळी गाळणी लावू नये. २००४ साली मुंबईत माहितीपटकारांनी सेन्सॉरशिपविरुद्ध ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव उभा केला होता, तो अनुभव विसरलेला नाही.

८. महोत्सवानंतर. निवडक चित्रपट पुढच्या सहा महिन्यांत किमान पाच जिल्ह्यांत फिरवावेत. खेळ लावणे, प्रेक्षक जमवणे आणि चर्चा घेणे ही कामे आमच्या सोसायट्या करतील. प्रत, परवानगी आणि मानधन एवढी बाजू तुम्ही सांभाळावी.

आमची बाजू

तारे, लाल गालिचा किंवा आणखी एक पुरस्कार आम्ही मागितलेला नाही. हे सगळे एका वर्षात होणार नाही, हेही आम्हाला कळते. पहिल्या वर्षी मागणी क्रमांक दोन, तीन आणि चार एवढ्यांचा जरी लेखी शब्द मिळाला, तरी आम्ही सोबत काम करायला तयार आहोत. चित्रपटांची यादी, हक्कधारकांचे पत्ते आणि प्रशिक्षित उपशीर्षककारांची नावे आम्ही पहिल्याच बैठकीत देऊ.

पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. नकार द्यायचा असेल, तर तो मागणीवार आणि कारणासह द्यावा. आम्ही तो सभासदांपुढे मोठ्याने वाचून दाखवू आणि त्या कारणांवर पुढचे पत्र लिहू. मिशो आपल्या चित्रपटांच्या प्रती घेऊन दारोदार फिरले, तसे आम्हीही फिरतोच आहोत. हे दार आमचेच आहे असे वाटले, म्हणून आधी इथे आलो.

कळावे,
आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद